नातं चालू असल्याचा पुरावा

आमचं लग्न खरं आहे हे सिद्ध करायला आम्हाला तीस दिवस मिळाले.

पत्र आलं ते नागेशच्या ईमेलवर. नागेश म्हणजे माझा नवरा. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात एका छोट्या गावातल्या वृद्धनिवासात तो नर्स आहे. त्यानं ते पत्र मला पुढे पाठवलं आणि वर लिहिलं, 'घाबरू नको.' मला कुणी घाबरू नको म्हटलं की मी आधी घाबरते, मग कशासाठी घाबरायचं ते वाचते.

पत्र सभ्य होतं. अर्जदार आणि प्रायोजक यांच्या लग्नाला चार वर्षं होत आली, त्यात ते एकत्र राहिले एकशे नऊ दिवस. नातं खरं आहे आणि आजही चालू आहे, हे दाखवणारी कागदपत्रं तीस दिवसांत पाठवावीत. फोटो, पत्रव्यवहार, आपसातल्या बोलण्याच्या नोंदी. मी कॅलेंडर काढून मोजलं. लग्नानंतरचे पस्तीस दिवस, सोनू नऊ महिन्यांची होती तेव्हाचे चौतीस आणि या वर्षी जानेवारीतले चाळीस. एकशे नऊच. पत्र लिहिणाऱ्याची काही चूक नव्हती.

परक्या देशात कायमचं राहायला मिळण्याचे सगळे रस्ते मला एव्हाना पाठ होते. सोनू दुपारी झोपली की मी तेच वाचत बसायचे. एक रस्ता गुणांचा. वयाचे गुण, शिक्षणाचे, इंग्रजीचे, कामाच्या अनुभवाचे. त्यांच्या संकेतस्थळावर मी माझे गुण काढून पाहिले होते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., वय एकोणतीस, तिथवर गाडी छान चालली. अनुभवापाशी थांबली. ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलेले आठ महिने कुणाच्या गणतीत नव्हते. फ्रेंच आलं तर गुण वाढतात म्हणून तीन दिवस फ्रेंचही केलं. वीसपर्यंतचे आकडे झाले आणि सोनूला गोवर निघाला. दुसरा रस्ता नागेश ज्यानं गेला तो. जिथं जायला तिथलेच लोक तयार नसतात अशा थंड, लहान गावात काम करायची तयारी दाखवायची, मग तो प्रांतच तुमचं नाव पुढे पाठवतो. आणि तिसरा रस्ता, सगळ्यांत सोपा, बायकोचा. त्याला ना वय लागत, ना इंग्रजी. फक्त बायको असावं लागतं. मला वाटलं होतं, एवढी तर मी आहेच.

संध्याकाळी जेवताना मी पत्राचं घरात सांगितलं. आमचं घर नागपूरकडच्या तळेगावला, तीन एकर भाजीपाल्याचं. वांगी, मिरची, पालक, सांभार, म्हणजे कोथिंबीर. घरात सासू-सासरे, मी आणि तीन वर्षांची सोनू. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. नाव पुंडलिकराव. बोलतात कमी, पण बोलले की घास अडकतो.

"म्हणजे त्याईचं म्हननं का हाय?" त्यांनी विचारलं.

"आम्ही नवरा-बायको हावो हे दाखवा म्हणते."

मामाजींनी सोनूकडे पाहिलं. ती ताटातला भात एक-एक शीत करून पाण्याच्या गिलासात सोडत होती. "मंग हे काय कुरिअरनं आली का बाप्पा?"

मला हसू आलं, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. सोनूचा जन्मदाखला अर्जात होताच. त्यांना हवं होतं ते त्याच्या नंतरचं. रोजचं, आजचं.

सासूबाई, म्हणजे आई, काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी दुसरी भाकर चुलीपुढे टेकवली, ती फुगेपर्यंत पाहत राहिल्या. एरवी घरातल्या कुठल्याही गोष्टीवर पहिलं मत त्यांचं असतं. मी ते टिपून ठेवलं. मी सगळंच टिपून ठेवते. कोण कधी गप्प झालं, कुणाचा खोकला कालच्यापेक्षा वेगळा वाटतो, सोनूनं किती वेळा डोळा चोळला.

दुसऱ्या दिवसापासून पुरावे शोधायला बसले, आणि माझी चूक माझ्या लक्षात आली.

लग्नाचे फोटो सहाशेच्या वर होते. त्यात आम्ही दोघंच असलेले दोन. तेसुद्धा फोटोग्राफरनं मामेबहिणींना बाजूला सारून काढलेले. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत आमच्या मधे कुणीतरी आहे. आधी आई, मग सोनू, मग आई आणि सोनू. नागेशचा रोजचा फोन यायचा तो आईंच्या फोनवर. सगळे ओसरीत गोल बसायचे. शेजारची भावना काकू जाता-जाता डोकावून 'तिकडं काय भाजी केली रे' विचारून जायची. फोन फिरत फिरत माझ्या हाती यायचा तेव्हा त्याची ड्युटीची वेळ झालेली असायची. म्हणजे नोंदी होत्या, पण नागेश आणि त्याच्या आईच्या.

आणि आमचं दोघांचं? आमच्या दोघांचं बोलणं माझ्या फोनवर लिहून चालायचं. रोज. ते मी रोज पुसलं होतं.

झालं असं की लग्नानंतर नागेश परत गेला त्याच आठवड्यात माझी नणंद रक्षा माहेरी आलेली. अंगणात आम्ही मेथी निवडत होतो, माझा फोन खाटेवर. तो वाजला, रक्षानं हक्कानं उचलला आणि मोठ्यानं वाचला, "तुझा आवाज ऐकल्याशिवाय झोप येत नाही." वर म्हणाली, "अवं माय! दादाले लिहिता येते वाट्टे!" मामाजी उठले आणि मोटर चालू करतो म्हणून वावराकडे निघून गेले. लाइन सकाळपासूनच गेलेली होती. मी मेथीत तोंड खुपसून बसले. त्याच दिवशी मी फोनमध्ये ती सोय शोधून काढली, चोवीस तासांत दोन्हीकडचं आपोआप पुसलं जाण्याची. नागेशनं विचारलं, काऊन गं? मी म्हटलं, राहू दे. तेव्हापासून आमचा संसार रोज सकाळी कोरा व्हायचा. चार वर्षं. मला तेव्हा स्वतःचा अभिमानही वाटला होता, कशी अब्रू सांभाळली म्हणून.

"मी पण कधी फोटो काढून ठेवले नाही गं त्या मेसेजचे," नागेश म्हणाला. त्यानं स्वतःचा फोनही मागच्या हिवाळ्यात बदललेला. जुना बर्फात पडला तो मे महिन्यात सापडला. "आईच्या फोनवरून माझ्या कॉलचे फोटो तरी घे. रोज फोन करतो एवढं तरी दिसेल."

मी आईंकडे गेले. त्या भेदरं धुवत होत्या. टमाट्यांना आमच्याकडे भेदरंच म्हणतात.

"आई, तुमचा फोन द्या नं दोन मिनिटं."

त्यांचा हात पाण्यातच थांबला. "कायले?"

"ह्यांच्या कॉलचे फोटो काढाचे आहे. ऑफिसले दाखवाले."

"आता नाई. आता चार्जिंग नाई." आणि ओल्याच हातानं त्यांनी फोन उचलून कमरेला खोचला. त्याच्यावर चार्जिंगची हिरवी रेघ पूर्ण भरलेली मी पाहिली.

हाच फोन त्या सोनूला खेळायला देतात. भावना काकूला बहिणीशी बोलायला देतात. दोन दिवसांनी मी परत विचारलं. "मी देईन नं तुले, काऊन घाई करतं," म्हणाल्या आणि वावरात गेल्या. त्यानंतर फोन कमरेला किंवा उशीखाली. सोनूलासुद्धा बंद. सोनू रडली तर म्हणाल्या, "बिघडला बाप्पा थो." पण सकाळी वांगी तोडताना त्या त्याच बिघडलेल्या फोनवर बोलताना मला दिसायच्या. त्यांना लिहिता येत नाही. त्या बटण दाबून आवाज पाठवतात.

मी काय समजायचं ते समजले. त्यांचा एकच मुलगा आहे तिकडे, आणि एकच नात आहे इकडे. आम्ही गेलो की ओसरीत दोघं म्हातारी उरणार. पुरावा त्यांच्या कमरेला होता, तो त्यांनी दिला नाही तर कुणाला दोष लागत नव्हता. अर्ज आपोआप पडला असता. मला राग येत नव्हता, हे सगळ्यांत वाईट होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही फोन खोचला असता. सोनू नुसती शेजारी गेली तरी मी तीनदा दारात येते.

असे एकोणीस दिवस गेले. अकरा उरले. नागेश रोज विचारायचा आणि मी रोज सांगायचे, करते. आईंबद्दल मी त्याला काही बोलले नाही. त्या दोघांच्या मधे मला शिरायचं नव्हतं. सोनूसाठी मी तिकडच्या शाळा पाहून ठेवलेल्या, लहान मुलांचे बर्फातले जोडे कुठले चांगले ते पाहिलेलं, वडिलांच्या मांडीवर बसून जेवणारी ती कशी दिसेल तेही पाहून झालेलं. ती नागेशला 'फोनवाले बाबा' म्हणते. बाकी बाबा कुठले असतात तिला ठाऊक नाही.

विसाव्या दिवशी सकाळी सोनूला मामाजींजवळ ठेवलं आणि मी वावरात गेले. आई वांग्याच्या ओळीत वाकलेल्या, फोन तोंडाशी. मला पाहून त्यांनी बटण सोडलं.

मी पदर खोचला आणि समोरच्या ओळीतून वांगी तोडायला लागले. थोड्या वेळानं म्हटलं, "आई, आमचं जाणं तुम्हाले पटत नसन त सरळ सांगा. मी ह्यांना सांगते. पण असं नका करू."

"कोन म्हनते पटत नाई?"

"मंग फोन काऊन नाई देत?"

त्यांनी हातातलं वांगं टोपल्यात ठेवलं. दुसरं तोडलं. त्याचा काटा बोटात गेला, तो काढत बसल्या. मग खाली पाहूनच म्हणाल्या, "त्यात मी तुले गंज बोलली हाय." गंज म्हणजे पुष्कळ.

"म्हणजे?"

"म्हनजे बोलली. नागेशले. रोजच्या रोज. तू अशी करतं, तू तशी करतं. आता थे तू आयकशीन, वरून थो गोरा सायेब आयकन. मी कोनाले तोंड दाखवू?"

इतके दिवस मी त्यांच्यावर नजर ठेवून होते आणि चार वर्षं त्या माझ्यावर.

"काय काय बोलल्या?"

"आता काय काय सांगू! रोजचं एक त धर."

मी मनात गुणाकार केला. हजाराच्या वर जात होतं. "पिपरीवाल्याईले बी बोलल्या?" पिपरी मेघेला माझं माहेर.

"दोनदाच," त्या घाईनं म्हणाल्या. "धोंड्याले जावयाले बोलावून थंडे अनारसे चारले तवा, अन् एकडाव असंच."

मी हसायला लागले. आधी त्या रागानं पाहत राहिल्या, मग हसू दाबताना त्यांचंही तोंड वाकडं व्हायला लागलं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीची सावली होती. आम्ही तिथं जाऊन बसलो. त्यांनी फोन कमरेचा काढला, लुगड्याला पुसला आणि माझ्या हातात दिला. "आयक. पन माह्यासमोरच आयक. अन् मधी बोलू नको."

त्या फोनमधलं त्यांनी कधी काही पुसलं नव्हतं. पुसता येत नव्हतं. सगळं होतं. मी अंगठ्यानं वर, वर सरकवत पहिल्या महिन्यापर्यंत गेले.

"नागेश, तुही बायको सात वाजता उठते. कॉलेजात शिकोत होती म्हन, घंटा झाल्याबिगर उठत नसन." मागे मोटरचा आवाज, पाणी पडल्याचा आवाज. "तिनं आज भेदराच्या चटनीत साखर टाकली. तुह्या बाबानं खाल्ली. मले म्हने चांगली हाय. चाळीस वर्षांत मले नाई म्हनला."

"हे त मामाजींना ऐकवते मी," मी म्हटलं.

"मधी बोलू नको म्हनलं नं!"

पुढे. "आज तुहा फोन नाई आला त थे जेवली नाई. मले म्हने भूक नाई. फोनकडं पाहे अन् भूक नाई म्हने. मले का समजत नाई? ड्युटी असन त आधी सांगत जा रे, माह्या घरचं अन्न वाया जाते."

पुढे. सावंगीच्या दवाखान्यातला दिवस. मागे ट्रॉलीची चाकं, कुणाला तरी आवाज देणं. आईंचा आवाज दबका. "डाक्टर सिझर करू म्हनते. भेऊ नको. थे आत हाय. तुहं नाव घेऊन रडून राह्यली. नाव घेऊन, बरं! दहा लोकाईत. मी काई म्हनली नाई." आणि त्याच्याच खाली, दोन तासांनी, "पोरगी झाली. नाक तुहं हाय. कपाळ तिचं. रडनं माहं."

मी फोन खाली ठेवला. आई वांग्यांकडे पाहत होत्या.

"नाव घेतलं होतं मी?"

"वॉर्डानं आयकलं."

बऱ्याच ठिकाणी माझी भीती होती. सोनूला सर्दी झाली की मी मोबाइलमध्ये पाहते, मोबाइल न्यूमोनिया सांगतो, मग मी रडते, मग आई ओव्याची पुरचुंडी करतात आणि सर्दी जाते, आणि मी त्याचं श्रेय वाफेच्या मशीनला देते. हे सगळं होतं, तारखेसकट. एकात त्या म्हणत होत्या, "भेते गंज, पन पोरीले डोळ्याआड करत नाई. मी तुले एवढं नाई पाह्यलं. तू हिरीत पडता पडता वाचलता."

मग आले ते नऊ दिवस.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये नागेशची गाडी बर्फावरून घसरून खड्ड्यात गेली होती. त्याला खरचटलंही नाही, पण त्यानं मला सांगितलं नाही. आठ दिवसांनी त्याच्या मित्राच्या फोटोत मला ती गाडी दिसली. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. तो लिहायचा, मी वाचायचे, चोवीस तासांत ते पुसलं जायचं. घरात कुणाला कळलं नाही असं मला वाटत होतं. संध्याकाळच्या फोनवर सगळ्यांसमोर मी 'बरं आहे' म्हणायचे आणि फोन पुढे द्यायचे.

आईंचा नवव्या दिवसाचा आवाज होता: "नागेश, तुमचं भांडन चालू हाय, मले इचारू नको कसं समजलं. थे तुहं नाव काढत नाई. पन रोज सकाळी उठली का मोबाइलात तुह्या गावची थंडी पाहाते. मी म्हनली काय पाहून राह्यली, त म्हने सोनूले स्वेटर घालू का पाहून राह्यली. अरे, सोनू त इथं हाय! इथं घाम येऊन राह्यला!" मग थोडा वेळ नुसतं चालल्याचा आवाज. "हे पाय, तू तिले घेऊन जाय. म्हनशीन तिची तयारी नाई, पोरगी लहान हाय. लहान हाय त मोठी होईन. इथं थे चांगली राह्यते, मले काई तरास नाई. पन हासते त अर्धीच हासते. तू कागद भर. आमचं काय करतं, आमचं आमी पाहू. तिले मी सांगतलं असं सांगू नको."

अर्ज भरला तो त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. अबोला सुटल्यावर नागेशनं मला विचारलं होतं, आता भरायचा का? मी हो म्हटलं, आणि पुढे दीड वर्ष समजत राहिले की हे त्याच्याच मनात आलं.

मी आईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "आता रडू नको. वांगे तोडाचे हाय."

त्या दुपारपासून आम्ही दोघी कामाला लागलो. चार वर्षांतले पंचेचाळीस आवाज निवडायचे, त्यांचं भाषांतर नागपूरच्या मान्यताप्राप्त अनुवादकाकडून करून घ्यायचं, कारण अर्जदारानं स्वतः केलेलं चालत नाही. निवडताना आम्ही बाजारातल्यासारखी घासाघीस केली. आईंना भावना काकूच्या सुनेबद्दलचे सगळे काढायचे होते. धोंड्याचे अनारसे मी ठेवा म्हटलं, कारण त्यात नागेश माझ्या माहेरी राहिल्याचं येत होतं. त्या म्हणाल्या, "तुह्या बापाले कोन दाखोनार हाय?" मी म्हटलं, "कोणी नाई." मग त्यांनी ठेवला.

नऊ दिवसांचा मात्र मी बाजूला काढला.

"थो काऊन काढला?" त्यांनी विचारलं.

"भांडणाचं कायले दाखवाचं, आई? त्याईले वाटन ह्यांचं पटतच नाई. चांगले चांगले देऊ."

खरं कारण ते नव्हतं. माझं रुसणं, रोज सकाळी तापमान पाहणं, अर्धं हसणं हे सगळं एका अनोळखी टेबलावर पसरायचं, या विचारानं माझे कान तापत होते. मेथी निवडतानाची मी अजून तशीच होते.

आईंनी चष्मा काढला. "अवं, खोट्या नवऱ्याशी कोन नऊ नऊ दिवस अबोला धरते? त्याच्याशी त गोड बोलाव लागते."

मामाजी ओसरीत बसून सोनूला शेंगा सोलून देत होते. मान वर न करता म्हणाले, "हे खरी बोलली. मी एकडाव पंधरा दिवस धरलता."

"अन् मी कोनाले सांगतलं नाई," आई म्हणाल्या. "म्हनून कोनाले मालूम नाई. आता हिचं त मी सांगून ठेवलं हाय, मंग लपोते कायले?"

मी तो आवाज परत घेतला. यादीत सगळ्यांत वर ठेवला. बरोबर द्यायच्या माझ्या पत्रात मी सरळ लिहिलं की आमच्याकडे फोन एकट्याचा नसतो, नणंदेनं एकदा मेसेज मोठ्यानं वाचला आणि लाजेनं मी चार वर्षांचं बोलणं पुसत राहिले. नवऱ्याशी मी काय बोलते ते माझ्या सासूबाईंनी सांभाळून ठेवलंय, कारण त्यांना पुसता येत नाही. दोनदा वाचलं, पण खोडलं नाही.

अनुवादक बाईंचा तीन दिवसांत चार वेळा फोन आला. भेदरं म्हणजे टोमॅटोच ना? 'रडणं माहं' हे कौतुक समजायचं की तक्रार? शेवटच्या फोनला त्या म्हणाल्या, "मॅडम, काम झालंय. एक विचारू? या सासूबाई अजून पाठवतात का रोज?" मी हो म्हटलं. "छान," त्या म्हणाल्या.

मुदत संपायला तीन दिवस असताना नागेशनं सगळं पाठवलं.

मग वाट पाहणं. मला ते चांगलं जमत नाही. मी दिवसातून सहा वेळा संकेतस्थळ उघडायचे. पण घरात एक वेगळं झालं होतं. संध्याकाळी नागेशचा फोन आला की आई पाच मिनिटं बोलायच्या आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणायच्या, "घे, आत जाऊन बोल." पहिल्या दिवशी मी आत गेले तर बोलायलाच सुचेना. नागेश म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. आत आहे मी." मग आम्ही दोघंही हसलो. पुसण्याची ती सोयही मी बंद करून टाकली. रक्षा दिवाळीला आली तेव्हा माझा फोन खाटेवरच होता. तिनं उचलला, वाचला, आणि चूपचाप खाली ठेवला. म्हणाली, "वहिनी, हे वाचाव नाई वाट्टे." मी म्हटलं, "नको वाचू मग."

मामाजींनी एकदा विचारलं, "अन् आमच्यासारख्या म्हाताऱ्याईले कोनता रस्ता हाय?"

"दोन आहे मामाजी. एकात सोडत काढते. नाव निघालं त कायमचं. दुसऱ्यात कायमचं नाई, पण जाऊन येऊन राहता येते, एका वेळेस काही वर्षं."

"सोडत? म्हनजे भिशीवानी."

"मले नाई याचं," आई आतून ओरडल्या. "वांगे कोन तोडन?"

"तुले कोन इचारलं? मी माहं इचारलं."

आत भांडी आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं त्या दारात आल्या. "उन्हाळ्यात वांगे कमी असते," म्हणाल्या. "उन्हाळ्याचं पाहून ठेव."

उत्तर यायला सात आठवडे लागले. बाजाराच्या आदल्या दिवशीची सकाळ होती. आम्ही दोघी ओसरीत वांगी निवडत होतो, किडकी एकीकडे, चांगली क्रेटमध्ये. सोनू किडक्यांची रांग करून त्यांना शाळा भरवत होती. नागेशचा फोन आला, या वेळी माझ्यावर, आणि अवेळी. अवेळी फोन म्हणजे अपघात. तिकडे रात्र सुरू झालेली, बर्फ पडायचे दिवस. मी उचलला तोच उभी राहून.

"व्हिसा लावायला पासपोर्ट मागवलेत," तो म्हणाला. "तुझा आणि सोनूचा. समीक्षा, झालं."

मी "हो" म्हटलं. परत "हो" म्हटलं. पुढचं मला आठवत नाही. मी खाली बसले होते आणि सोनू माझ्या तोंडाला हात लावून पाहत होती की मी हसते आहे की काय करते आहे.

आईंनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. त्यांना विचारायची गरज नव्हती. त्यांनी हात पदराला पुसले, कमरेचा फोन काढला आणि बटण दाबून तोंडाशी धरला. पहिल्यांदा माझ्यासमोर.

"नागेश, समजलं मले. चांगलं झालं. पोरीले जाड जोडे घेऊन ठेव, हिच्यावर भरोसा नाई, हे सात दुकानं पाहीन अन् एकबी घेनार नाई. आता बसली हाय मधोमध, रडून राह्यली. चांगलं रडनं हाय, भेऊ नको. पन अर्धे क्रेट तसेच पडले हाय, अन् उद्या बाजार हाय. तुही बायको अशीच हाय पाय."

त्यांनी बटण सोडलं, फोन कमरेला खोचला आणि माझ्याकडे वांग्यांचं टोपलं सरकवलं.